पट्टीखालची ओळ

खांद्याला शेक घेऊन बयाबाई दवाखान्यातून परत आली, तेव्हा थिनरचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत आला होता. ती रिक्षातून उतरली आणि तिथंच थांबली. आज छपाई नव्हती. आज तिच्या खांद्याला विश्रांती, आणि उद्या सकाळी क्रांतीच्या, तिच्या एकुलत्या एक नातीच्या लग्नपत्रिकेवर पहिला हात तिनं मारायचा, असं घरात ठरलं होतं. तिला न विचारता कुणीतरी घाई केली होती. अशी घाई दिसली की बयाबाईच्या कपाळावरची शीर उडायला लागायची.

राजारामपुरीतल्या त्या घराच्या पुढच्या अंगाला आता तिच्या मुलाचं, विजयसिंहचं, फ्लेक्सचं दुकान होतं. वाढदिवसाचे दादा आणि भावी नगरसेवक गॉगल लावून दिवसभर मशीनमधून सरकत बाहेर पडायचे. मागची खोली मात्र अजून बयाबाईची. तिथं लाकडी टेबल, टेबलाला बिजागऱ्या, बिजागऱ्यांत अडकवलेली चौकट, चौकटीवर ताणलेली जाळी. स्क्रीन प्रिंटिंग. कापडी पिशव्या, तालमींचे बिल्ले, जाड कागदावरच्या सोनेरी पत्रिका अजून तिच्याकडं यायच्या. क्रांतीची पत्रिका तर दुसरीकडं जाणं शक्यच नव्हतं.

खोलीत पाऊल टाकलं तर कृष्णात टेबलापाशी. हा तिच्याकडं पंचवीसेक वर्षं कामाला. त्यानं कागद टेबलावरच्या खुणेच्या कडेला, गेजला, लावला, चौकट खाली पाडली, शाई ओढायचा रबर दोन्ही हातांनी धरून अंगाकडं ओढला, चौकट उचलली, पत्रिका रॅकवर टाकली. कुंकवासारखी लाल. रॅक जवळजवळ भरत आला होता.

"कृष्णात, आज कुणी काढलं रे हे काम?"

"विजूदादा म्हणाला, आक्काला तरास नको, उरकून टाक. सोनेरी रंग चढायच्या आधीच पयली पत्रिका घेऊन तो देवळात गेला. अंबाबाईला दिऊन येतो म्हणाला."

पहिली पत्रिका देवीची, ही रीतच होती. पण ती न्यायला घरातली जाणती माणसं जायची. बयाबाईनं राग गिळला. खांदा दुखतोय म्हणून लेकानं केलं असेल, असं स्वतःला सांगितलं आणि रॅकवरची एक पत्रिका कडेनं उचलली. डोळ्यांवर चष्मा चढवला.

वरती गणपतीची जागा मोकळी होती. तो सोनेरी रंगात नंतर यायचा, काठाची वेल पण सोनेरीच. खाली 'आमचे येथे श्रीकृपेकरून'. मग 'कै. आकाराम दादू चौगले'. आणि मग काहीच नाही. एक ओळ बसेल एवढा कोरा पांढरा कागद. त्याच्या खाली 'यांची नात'.

तिनं पत्रिका उजेडात धरली. दुसरी उचलली. तिसरी. सगळ्या तशाच. पुढचा दात पडलेल्या पोरासारख्या सगळ्या पत्रिका तोंड उघडून तिच्याकडं बघत होत्या.

काल संध्याकाळी ही स्क्रीन तिनं स्वतःच्या हातानं केली होती. जाळीवर इमल्शनचा हात दिला, अंधारात वाळवली, अक्षरांची फिल्म लावली, वर काच ठेवली, दिवा लावला. उजेड लागतो तिथं इमल्शन घट्ट धरतं. काळ्या अक्षरांच्या आड उजेड पोचत नाही, तिथलं कच्चं राहतं आणि पाण्याच्या धारेखाली निघून जातं. नळाखाली चौकट धरून ती एकेक अक्षर उघडताना बघत होती. पन्नास वर्षं झाली, तरी हे बघताना ती अजून नजर दुसरीकडं वळवायची नाही. काल नवऱ्याचं नाव उघडलं, आणि त्याच्या खाली तिचं: 'श्रीमती बयाबाई आकाराम चौगले'. तिनं बोटानं हलकेच पुसून पाहिलं होतं. काना, मात्रा, वेलांटी, सगळं स्वच्छ.

"चौकट उचल," ती म्हणाली.

"आक्का, शाई वाळंल जाळीत."

"वाळू दे. उचल म्हणते न्हवं."

कृष्णातनं चौकट उभी केली. बयाबाई वाकली, खालच्या अंगाला हात घातला आणि तिच्या बोटांना चिकटपट्टी लागली. गुळगुळीत, ताठ, एका ओळीएवढी. बरोबर तिच्या नावावर.

खांद्यातून कळ गेली, तरी तिनं हात काढला नाही.

"ही कुणी लावली?"

कृष्णात रबराला लागलेली शाई बघत म्हणाला, "माझ्या हातानं एवढी सरळ पट्टी लागंल काय, आक्का? तुमीच बघा की."

खरंच होतं. कृष्णातची पट्टी नेहमी तिरकी. ही ब्लेडनं कापून, फूटपट्टीनं मोजून, कडा नखानं दाबून बसवलेली होती. शाईचा एक थेंब बाहेर आला नव्हता. असं काम करायला तिनं एकाच माणसाला शिकवलं होतं. तो चौथीत होता तेव्हा. बिल्ल्यांवरचं जुनं वर्ष झाकायचं काम त्याला द्यायची, आणि पट्टी वाकडी झाली की पाठीत धपाटा घालायची.

"आणि तू मारलास की हात. तुला वाचता येत न्हाय काय?"

"वाचता येतंय, आक्का." कृष्णातनं रबर खाली ठेवला. "पण तुमच्या घरातल्यात मी कुठं तोंड घालू? दादा म्हणाला, पावण्यांचं सांगणं हाय."

"पावण्यांचं," बयाबाई म्हणाली. मग भिंतीलगतच्या बाकावर जाऊन बसली.

त्या बाकावर पूर्वी आकाराम बसायचा. तेव्हा राजारामपुरीत एवढी गर्दी नव्हती. दुपारी गल्लीत एखादी सायकल गेली तरी कोण गेलं ते घरातून ओळखू यायचं. आकाराम कुणाकडून तरी हे काम शिकून आला. तेव्हा तयार इमल्शन कुठलं मिळायला. सरस शिजवून त्यात नारिंगी रसायन घालायचं, रेशमी कापडावर ते चढवायचं, गच्चीवर उन्हात चौकट ठेवायची. उजेड किती द्यायचा ते ठरवायला आकारामला घड्याळ लागायचं. बयाबाई म्हणायची, दोन भाकरी होऊस्तर. तिच्या भाकरीचा अंदाज बहुतेक वेळा त्याच्या घड्याळापेक्षा बरा निघायचा आणि तो त्यावरून तिला चिडवायचा. तो इंग्रजी शब्द घेऊन यायचा, ती त्यांना घरातली नावं ठेवायची. इमल्शनला ती साय म्हणायची. वाळलेल्या सायीत बारीक भोकं राहायची, त्यांना चांदण्या. जाळी धुतली तरी जुन्या अक्षरांचा जो फिका डाग राहायचा, ती सावली. कृष्णात अजून तेच शब्द वापरायचा. गुळाच्या ढेपांची लेबलं, गॅदरिंगची बोलावणी, दूध संस्थांचे फलक, सगळं ह्या टेबलावर झालं.

आकाराम गेला तेव्हा विजय तीन वर्षांचा होता. दुखवट्याचे दिवस सरले न सरले तोच धाकट्या दिराचं, गुंडूचं, लग्न निघालं. पत्रिका अर्थातच घरात छापायची. दुसरं कुणी छापणारं नव्हतं, तेव्हा विधवेचा हात चालला. निमंत्रकांच्या यादीत सगळे काका-काकू होते, पाळण्यातली पोरंसुद्धा 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' म्हणत होती. बयाबाईचं नाव कुठंच नव्हतं. सासूबाई मायेनं म्हणाल्या, "तुझं कशाला पोरी, शुभाचं काम हाय." मायेनं म्हणाल्या म्हणून तिला तेव्हा उत्तर सुचलं नाही. ती रबर ओढत राहिली, विजय कागदाच्या गठ्ठ्यावर झोपला होता. लग्नात तिला स्वयंपाकघरात बसवलं. अक्षतांची वाटी तिच्यापर्यंत आलीच नाही.

उत्तर तिला नंतर सुचलं, आणि ते तिनं पन्नास वर्षं गिऱ्हाइकांना दिलं. कुणी मसुदा घेऊन आला की ती विचारायची, घरात म्हातारी कोण हाय? तिचं नाव कुठाय? एकदा एक बागायतदार छापलेली पत्रिका परत घेऊन आला. आईचं नाव चुकून पडलंय, म्हणाला, पट्टी लावून तेवढं झाका. बयाबाई म्हणाली, जित्या माणसाचं नाव इथं झाकून मिळत न्हाय. तो म्हणाला, पैसे मी देतोय. ती म्हणाली, मग दुसरीकडं जाऊन द्या. बाजारात ते पसरलं. काही गिऱ्हाइकं तुटली, काही मुद्दाम यायला लागली. अलीकडं तर गावोगावच्या ग्रामपंचायतींनी विधवांच्या मानाचे ठराव केले, पेपरात फोटो आले, तेव्हा विजयसिंहनं स्वतः ते कात्रण तिला वाचून दाखवलं होतं. "बघ आई, तू लई आधीच केलतीस," म्हणाला होता.

पुढच्या दारातून सँडलचा आवाज आला. क्रांती मेंदीवालीशी फोनवर बोलत आत शिरली, आजीकडं बघून तिनं फोन ठेवला.

"आज्जी, अशी का बसलीयस? खांदा लई दुखायलाय?"

बयाबाईनं पत्रिका तिच्यापुढं धरली. क्रांतीनं वाचली. बोट त्या कोऱ्या जागेवर थांबलं.

"हे... पप्पा म्हणालते की मशीनवर जरा सेटिंग बदलतो."

"म्हंजे तुला म्हाईत होतं."

"तसं न्हाय गं. रात्री म्हणाले, त्यांच्याकडं चालत नसेल तर उगीच सुरुवातीलाच वाकडं कशाला. मी म्हटलं, आज्जीला विचारा." तिनं नजर चुकवली. "आज्जी, आता छापून झाल्यात न्हवं. व्हॉट्सअ‍ॅपच्या पत्रिकेत तुझं नाव टाकू की. एकदम वरती. आणि मी स्टेटसला तुझा फोटो ठेवते, माय सुपर आज्जी म्हणून."

"चोवीस तासांनी जातोय त्यो," बयाबाई म्हणाली. "मला बी येतंय स्टेटस बघाय."

क्रांतीचा चेहरा पडला. बयाबाईला तिची दया आली नाही. ह्या पोरीच्या बारशाचं कार्ड तिनं पाच रंगांत केलं होतं. पाच रंग म्हणजे पाच वेळा तोच कागद, पाच वेळा तीच जागा, केसाएवढा ढळू न देता. आणि ही तिला चोवीस तासांचा फोटो देत होती.

"फोन आण हिकडं. कोडोलीला लाव. तुझ्या सासऱ्याला."

"आज्जी, नको ना."

"लाव."

पिराजीराव गोठ्यात असावेत. म्हशीचं हंबरणं आधी ऐकू आलं, माणूस नंतर.

"नमस्कार पावणं. राजारामपुरीतनं बयाबाई बोलतीय. क्रांतीची आज्जी."

"बोला की मावशी. तब्येत बरी हाय न्हवं?"

"तब्येतीला काय धाड भरलीय. एक विचारायचं होतं. पत्रिकेत माझं नाव नको, असं तुमच्याकडनं सांगणं आलंय म्हणत्यात. खरं हाय काय?"

पलीकडं बादली खाली ठेवल्याचा आवाज आला.

"आमच्याकडनं? न्हाय बा. तुमच्या विजयसिंहांचाच फोन आलता परवा. तुमच्यात गंगाभागीरथीचं नाव चालतंय काय, म्हणून इचारत होते. मी म्हटलं, तुमची पत्रिका, तुमचं तुमी बघा."

"म्हंजे नको म्हटला न्हाईसा."

"न्हाय, न्हाय."

"घाला असंबी म्हटला न्हाईसा."

पिराजीराव थोडे घुटमळले. "मावशी, आता दुसऱ्याच्या घरचं आपण कसं बोलावं."

"बरं केलंसा पावणं. म्हशीकडं बघा." तिनं फोन क्रांतीच्या हातात दिला. इतका वेळ तिला वाटत होतं की भांडायला समोर कुणीतरी आहे. कोडोलीत एखादी खाष्ट आत्या, एखादा मिशीवाला चुलता. तिथं कुणीच नव्हतं. ज्याला नको होतं तो तिच्याच पोटातून आला होता.

विजयसिंह आला तो कपाळाला कुंकू लावून, हातात नारळाची वाटी. पन्नाशी केव्हाच पार झालेला, पोट सुटलेला. रॅक, उभी चौकट, बाकावर आई, कोपऱ्यात उभी मुलगी, हे सगळं त्यानं एका नजरेत बघितलं आणि नारळ टेबलाच्या कडेला ठेवला.

"आई, मी तुला सांगणारच होतो."

"कधी? लग्न झाल्यावर?"

"पावण्यांचं जरा..."

"पावण्यांशी बोलले मी आत्ताच. पावणं म्हणालं, तूच इचारलास."

विजयसिंहनं क्रांतीकडं पाहिलं. क्रांती रॅककडं बघत होती. कृष्णात तंबाखूची पुडी शोधायला म्हणून बाहेर गेला. तो लवकर परत येणार नव्हता.

"त्यांनी म्हटलं नसंल," विजयसिंह म्हणाला, "पण म्हटलं असतं. चारचौघांत कुणीतरी म्हटलंच असतं. शुभाच्या कामात उगं कुणाच्या तोंडाला कशाला लागायचं? पोरीचा संसार सुरू व्हायचाय. उद्या काय कमी-जास्त झालं तर तुझ्याच नावावर ढकलतील. तुला बोललेलं मला ऐकून घ्यावं लागलं असतं."

"म्हणून तूच आधी बोललास."

"आई, तुला काय कमी केलंय काय मी? दवाखाना, औषध, जेवणखाण. कुठं हेळसांड हाय काय तुझी?"

"मी जेवाण मागितलं काय? एक ओळ मागितली. ती बी मागितली न्हवती, माझी होती ती. माझ्या हातानं उघडलीती काल."

"लोक..."

"लोकांचं नाव घेऊ नको. पट्टी लोकांनी लावली न्हाय. पट्टी तू लावलास. किती सुबक लावलास बघ. कड दाबून. शाई झिरपू नये म्हणून नख फिरवलंस न्हवं? कुणी शिकवलं तुला?"

विजयसिंहनं अंगठ्याचं नख मुठीत झाकलं.

"बापाचं नाव छापलास. कै. लावून. तो गेला तेव्हा तुला शेंबूड पुसता येत न्हवता. त्याला जाऊन पन्नास वर्षं होत आली, त्यो सगळ्यात वरती. आणि मी हितं थिनर हुंगत बसलेली, माझ्यावर चिकटपट्टी. तो मेला ह्यात माझा काय गुन्हा, एवढं मला सांग. गुंडूच्या लग्नात म्हातारीनं मला गाळलं, ती अडाणी होती. तू पेपर वाचून दाखवतोस मला."

"आवाज खाली कर आई. दुकानात गिऱ्हाईक हाय."

"गिऱ्हाइकाला बी कळू दे."

पुढं खरंच कुणीतरी बॅनर न्यायला आलेलं होतं. ते दारावरच्या फडक्यामागून डोकावलं आणि 'मी मागनं येतो' म्हणून निघून गेलं. विजयसिंहचा चेहरा लाल झाला. त्यानं टेबलावर तळहात आपटला नाही, पण आपटणार होता हे दिसलं.

"मग काय करू म्हणतेस? फाडून टाकू सगळ्या? हा कागद आता मिळणार न्हाय. आठवड्यात वाटायच्या हायत. नवीन फिल्म, नवीन कागद. सांग की."

बयाबाई उठली. रॅकपाशी जाऊन तिनं एक पत्रिका टेबलावर ठेवली आणि त्या कोऱ्या जागेवर बोट टेकवलं.

"पट्टी लावताना एक इसरलास तू. ओळ झाकली की जागा जात न्हाय. जागा तशीच राहते. बघ. बरोबर माझ्या नावाएवढी."

विजयसिंहनं बघितलं. त्याला कळलं की काय, कुणास ठाऊक, पण त्यानं टेबलाच्या कडेचा नारळ उचलून बाजूला ठेवला.

लालची जाळी एव्हाना वाळलेल्या शाईनं बंद झाली होती. सोनेरीची चौकट तिनं कालच साय देऊन अंधाऱ्या कपाटात वाळवत ठेवली होती. फक्त उजेड द्यायचा राहिला होता. गणपतीची आणि वेलीची फिल्म तयार होती. बयाबाईनं ती फिल्म काढली, छापलेल्या पत्रिकेवर खुणेला खूण जुळवून ठेवली, चारी कोपऱ्यांना चिकटवली. मग खणातून फिल्मवर हात फिरवायची काळी शाई काढली आणि बारीक कुंचला. आकाराम असताना सगळी अक्षरं अशीच हातानं व्हायची. संगणक आल्यापासून हे काम तिनं केलं नव्हतं.

"पप्पा टाईप करून देतील की," क्रांती हळूच म्हणाली.

"पप्पांचं टाईप बघितलं."

तिनं डाव्या हातानं उजव्या मनगटाला आधार दिला. खांदा ठणकत होता. फिल्मच्या आडून लाल ओळी दिसत होत्या, मधला कोरा पट्टा दिसत होता, आणि त्या पट्ट्यात तिनं काळ्या शाईनं लिहायला सुरुवात केली. 'श्रीमती' तिनं लिहिलं नाही. कालच्या फिल्ममध्ये होतं ते, आज तिला ते नको वाटलं. जागा भरून यावी म्हणून तेवढी अक्षरं मोठी काढली. बयाबाई आकाराम चौगले. ल ची शेपटी जरा लांब गेली. ती तिनं खोडली नाही.

फिल्म सोडवून चौकटीला लावली, काच ठेवून दिवा लावला, तेव्हा ती क्रांतीला म्हणाली, "घड्याळ बघू नको. दोन भाकरी होऊस्तर."

क्रांतीला भाकरी येत नव्हत्या. ती उगीच हसली, मग हसायचं थांबली.

नळाखाली नाव उघडलं. एक चांदणी राहिली होती, ती बयाबाईनं सायीचा ठिपका देऊन बुजवली. चौकट वाळेपर्यंत घरात कुणी जेवलं नाही. सूनबाईनं दोनदा ताटं घेतली आणि दोनदा झाकून ठेवली. दुपार कलताना चौकट बिजागऱ्यांत बसली. कृष्णातनं सोनेरी भुकटी डिंकासारख्या चिकात कालवली आणि रबर घ्यायला हात पुढं केला.

"तू न्हाय," बयाबाई म्हणाली. "तू रॅक सांभाळ. हात मी मारणार. कागद तो लावंल."

विजयसिंह दारात उभा होता. त्यानं शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि टेबलाच्या पलीकडं आला. तिसऱ्या इयत्तेपासून तो ह्याच जागी उभा राहून तिला कागद लावून द्यायचा. त्यानं पहिली पत्रिका गेजला टेकवली. बयाबाईनं चौकट पाडली, दोन्ही हातांनी रबर धरला आणि ओढला. खांद्यातून जाळ निघाला. चौकट उचलली तर वर गणपती, कडेला वेल, आणि कोऱ्या जागेत तिचं नाव. बाकी सगळी नावं लाल. एक सोनेरी, हातानं लिहिलेलं, बाकीच्यांपेक्षा जरा मोठं.

"हे लईच उठून दिसायलंय," विजयसिंह पुटपुटला.

"तुझ्यामुळं. लाल छापलं असतंस तर सगळ्यांत मिसळून गेलं असतं." तिनं मान न वळवता म्हटलं, "कागद लाव."

त्यानं कागद लावला. पुढचा लावला. क्रांती ओल्या पत्रिका कडेनं धरून कृष्णातकडं देत राहिली. मध्ये एकदा विजयसिंह म्हणाला, "आई, थोडे मी मारतो, तुझा खांदा..." तिनं ऐकलंच नाही असं दाखवलं. शंभरेक झाल्यावर तिचा हात वर जाईना, तेव्हा तिनं रबर कृष्णातकडं दिला, पण विजयसिंहला जागेवरून हलू दिलं नाही. प्रत्येक पत्रिका त्याच्या हातूनच त्या नावाखाली गेली.

ऊन गच्चीवरून उतरलं तेव्हा सूनबाई हळदी-कुंकवाचं तबक घेऊन आली. देवीच्या पत्रिकेच्या चार कोपऱ्यांना हळद-कुंकू लावायचं असतं, ते सवाष्णीनं. सकाळी तिनंच लावलं होतं. ती तबक घेऊन उभी राहिली आणि कुणाला द्यावं ते तिला कळेना.

बयाबाईनं तबक घेतलं. आपली करंगळी आधी हळदीत, मग कुंकवात बुडवली. सोनेरी नावाच्या पहिल्या पत्रिकेचे चार कोपरे. बोट लुगड्याला न पुसता तसंच राहू दिलं. कुणी काही म्हणतंय काय, म्हणून तिनं खोलीतल्या एकेकाकडं पाहिलं.

"गाडी काढ," ती विजयसिंहला म्हणाली. "देवळात जायचंय."

"आई, सकाळी एक दिलीय मी देवीला. पुजारी विचारतील. काय सांगू त्यांना?"

"सांग, सकाळची चुकलीवती."

स्कूटरवर मागं बसताना ती नेहमी त्याच्या खांद्यावर हात ठेवायची. तो कॉलेजात असल्यापासूनची सवय. आज तिनं पत्रिका पदरात धरली आणि दुखऱ्या हातानं मागची लोखंडी दांडी पकडली. पहिल्या खड्ड्याला ती कळवळली. विजयसिंहनं गाडी हळू केली, आरशात बघितलं.

"खांद्याला धर की आई. पडशील."

"न्हाय पडत. तू पुढं बघ."

"अजून चिडलीयस?"

"व्हय," बयाबाई म्हणाली, आणि दांडी आणखी घट्ट धरली.